घाबरल्यावर वाचायचा कागद: घरच्या इमर्जन्सीसाठी चेकलिस्ट कशी बनवायची

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचे साडेसहा, आई किचनमध्ये दूध तापवत होती आणि मी बाहेर मोबाईल बघत बसलेलो. आतून काहीतरी पुटपुटल्यासारखा आवाज आला म्हणून गेलो तर आई ओट्याला धरून उभी, कपाळावर घामाचे थेंब, नजर माझ्याकडे पण बघतेय भलतीकडेच. शुगर लो झालीय हे मला त्या सेकंदाला कळलं, कारण इन्सुलिन सुरू होऊन सहा वर्षं झालेली आणि डॉक्टरांनी हे दहा वेळा समजावून सांगितलेलं. आणि कळूनसुद्धा मी काय केलं, तर ग्लुकोज पावडरचा डबा शोधायला लागलो. फ्रीज उघडला, बंद केला, परत उघडला, औषधांचा डबा पालथा घातला, परत फ्रीज. साखरेचा डबा ओट्यावर, आईच्या हातापासून वीतभर अंतरावर होता हो! शेवटी बायको आली, तिने आईला खाली बसवलं, पाण्यात साखर ढवळून पाजली, दहा-पंधरा मिनिटांत आई माणसात आली. मग वास आला. दूध कधीच उतू जाऊन गॅस विझला होता आणि बर्नर तसाच सुरू. आणि मी वास आल्याआल्या काय करावं? एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे हात नेला. बायको ओरडली म्हणून थांबलो.

म्हणजे अर्ध्या तासात दोन वेळा, माहिती असलेल्या गोष्टीत मी माती खाल्ली. म्हणून हा लेख. माहिती कमी पडली असं नाही, माहिती डोक्यात होती पण डोकं जागेवर नव्हतं. घाबरलं की छाती धडधडते, हात थरथरतात आणि नजर एकाच गोष्टीवर अडकते, मी पावडरच्या डब्यावर अडकलो तसं, बाजूचं काही दिसतच नाही. अशा वेळी "शांत रहा" म्हणून सांगणारे भरपूर भेटतात, पण शांत राहायचं कसं ते कोणी सांगत नाही. माझ्यापुरतं उत्तर असं की शांत असताना विचार करून कागदावर उतरवून ठेवायचं आणि घाबरल्यावर विचार न करता नुसतं वाचायचं.

आता कोणी म्हणेल यादी बघून इमर्जन्सी हँडल करायची म्हणजे हसू होईल. मला सांगा, सत्यनारायण सांगणारे गुरुजी आयुष्यात किती वेळा तीच पूजा सांगतात? शेकड्याने. तरी पोथी समोर उघडी असतेच की नाही? त्यांना येत नाही म्हणून नाही, मध्येच कोणीतरी "गुरुजी, दक्षिणा किती ठेवायची" विचारतं, लहान पोर समई पाडतं, आणि धागा तुटला की परत कुठून सुरू करायचं ते पोथीच सांगते. बस, हेच काम आपल्या कागदाचं.

विमानवाल्यांनी तर हे जीव गमावून शिकलंय. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत डेटन गावाजवळ राईट फील्डवर बोईंगचं मॉडेल २९९ हे नवं कोरं चार इंजिनांचं विमान दाखवायला उडवलं आणि वर जाऊन लगेच पडलं, दोन वैमानिक गेले. पायलट नवशिका होता का, तर अजिबात नाही, मेजर प्लॉयर हिल म्हणजे अनुभवी माणूस. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीच्या पट्ट्या हलू नयेत म्हणून एक लॉक लावतात, ते काढायचं राहिलं. विमान एका माणसाच्या आठवणीत मावेल एवढं सोपं राहिलं नव्हतं, म्हणून मग वैमानिकांसाठी चेकलिस्ट बनल्या, आणि तेच मॉडेल पुढे बी-१७ म्हणून दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी उडालं. ऑपरेशन थिएटरमध्ये हे यायला मात्र २००८ उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी आली ती, त्या कामाचं नेतृत्व केलं अतुल गावंडे यांनी, सर्जन आहेत, अमेरिकेत वाढलेले पण वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, दिल्ली पण होतं त्यात, आणि ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं. त्या यादीत एक मुद्दा असा आहे की सुरुवातीला सगळ्यांनी आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. वाचताना बालिश वाटतं. याचा उपयोग पुढे सांगतो.

तर आता कागद बनवायला बसू. सुरुवातीला एकच इमर्जन्सी घ्या, जी तुमच्या घरात खरंच होण्यासारखी आहे. घरात डायबेटिसवालं माणूस असेल तर शुगर लो, बीपी किंवा हार्टवालं असेल तर छातीत दुखणं आणि लकवा, शेतात घर असेल तर साप, आणि गॅस सगळ्यांकडेच. भूकंप, बॉम्ब, परग्रहावरचे पाहुणे हे नंतर. मी पहिल्यांदा उत्साहात अठरा पानी फाईल केली होती, इंटरनेटवरून कॉपी-पेस्ट, इंडेक्ससकट. ती आता कपाटावर धूळ खातेय. एका प्रसंगाला एक कागद, त्यावर पाच ते आठ ओळी, त्याच्या वर गेलात की मेलात (शब्दशः घेऊ नका).

लांब यादीचं काय होतं त्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे हडसन नदीवर उतरलेलं विमान. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क, उडाल्या उडाल्या पक्ष्यांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन सुलेनबर्गर यांनी विमान हातात घेतलं आणि बाजूचे जेफ्री स्काइल्स यांनी लगेच दोन्ही इंजिनं बंद पडल्यावरची चेकलिस्ट काढून वाचायला सुरुवात केली. आता ती यादी होती तीन पानांची, खूप उंचावर इंजिनं बंद पडली तर हाताशी वेळ असेल असं धरून लिहिलेली. यांच्याकडे होती साधारण साडेतीन मिनिटं. यादी पहिल्या पानाच्या पुढे गेलीच नाही. पण सुलेनबर्गर यांनी यादीत खूप खाली असलेलं एक काम, शेपटीतलं छोटं जनरेटर इंजिन चालू करणं, आधीच उरकलं होतं, त्यामुळे विमानाची वीज टिकली. १५५ च्या १५५ माणसं वाचली.

यातून घरासाठी दोन गोष्टी घ्यायच्या. एक, जीवावरचं काम पहिल्या दोन ओळींत, कारण बाकीच्या ओळींपर्यंत तुम्ही पोचाल याची खात्री नाही. दोन, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते, हात एकाचे आणि वाचन दुसऱ्याचं. ज्याच्या हातात पेशंट आहे त्याने कागद शोधत बसायचं नाही. घरातला दुसरा माणूस, मग तो आठवीतला पोरगा का असेना, त्याने मोठ्याने एक ओळ वाचायची, करणाऱ्याने करून "झालं" म्हणायचं, मग पुढची. आमच्याकडे हे काम चिरंजीवांना दिलंय आणि त्यांना ते फार आवडतं, बापाला ऑर्डर सोडायला मिळतात ना.

आता माझा लो शुगरचा कागद जसाच्या तसा देतो, आमच्या डॉक्टरांना दाखवून फायनल केलेला. तुमच्या पेशंटचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

शुगर लो
खाली बसव. शुद्धीत आहे? गिळता येतंय?
नाही: तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळव. १०८.
हो: साखर ३ चहाचे चमचे, अर्धा पेला पाण्यात. ओट्यावरचा स्टीलचा डबा.
घड्याळ बघ. किती वाजले ते इथे लिही.
१५ मिनिटांनी शुगर चेक. मशीन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये.
७० च्या खाली: परत साखर. वर: पोळी किंवा बिस्किट.

बघा, "रुग्णास त्वरित ग्लुकोजयुक्त पदार्थ द्यावा" असलं काही नाही त्यात. घाबरलेल्या माणसाला "ग्लुकोजयुक्त पदार्थ" वाचून काय बोडकं कळणार? स्टीलचा डबा कळतो. कुठला डबा, कुठला ड्रॉवर, कुठल्या रंगाची चावी, हे जितकं तुमच्या घरचं असेल तितका कागद चालतो, म्हणून दुसऱ्याची छापील यादी आणून चिकटवली की काम होत नाही. क्रियापद आज्ञेचं ठेवा, बसव, बघ, लिही. आणि "नाही" ची ओळ आधी आहे ती मुद्दाम, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि आपल्याकडे पहिलं तेच करतात.

गॅसच्या कागदाला मी थोडा जास्त वेळ देतो कारण तिथे आपला हात डोक्याच्या आधी पळतो. वास आला की हात बटणाकडे जातो, लाईट लावू, फॅन लावू. स्विच चालू करायचा नाही हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण चालू असलेला बंदही करायचा नाही, ठिणगी दोन्ही वेळेला पडू शकते, हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. तर पहिली ओळ हीच, स्विचला हात नाही, ना चालू ना बंद. मग शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद. मग दारं-खिडक्या सताड, आणि दार पाहिजेच, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली फरशीलगत साचतो, नुसती वरची खिडकी उघडून तो जात नाही. मग सगळे बाहेर, आणि मोबाईल बाहेर गेल्यावरच, १९०६ ला, हा नंबर गॅस गळतीसाठीच आहे, चोवीस तास. एक ओळ आमच्या बिल्डिंगसाठी वाढवलीय, शेजाऱ्यांची बेल वाजवायची नाही, दार ठोकायचं, कारण बेल पण स्विचच आहे. पाईप गॅस असेल तर तुमचा वॉल्व्ह कुठे आहे ते आज बघून ठेवा आणि कंपनीचा नंबर बिलावरून उतरवून घ्या.

लकव्याच्या कागदावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असेल तर वेळ. तोंड एका बाजूला वाकडं होतंय का, दोन्ही हात वर धरायला सांगितले तर एक खाली येतोय का, बोलणं अडखळतंय का, यातलं एक जरी दिसलं तरी माणूस शेवटचा नीट कधी होता ते लिहायचं आणि निघायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा, त्यामुळे जवळच्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये रात्री दोन वाजता पण सीटी होतो ते आज फोन करून विचारा आणि कागदावर लिहा, त्या वेळी शोधायला जाऊ नका. ॲस्पिरिन देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव आहे ते बाहेरून कळत नाही. पाणी पण नको.

सापाचा कागद गावाकडे भावाच्या घरी लावलाय. त्यात करायच्या ओळींपेक्षा न करायच्याच जास्त आहेत, दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, साप पकडायला जायचं नाही, मांत्रिक नाही. अंगठ्या, जोडवी, पैंजण काढायचे कारण सूज येते, चावलेला अवयव लाकडी पट्टी बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवत न्यायचं नाही, आणि विषावरचं इंजेक्शन (अँटीव्हेनम) कुठल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये आहे त्याचं नाव लिहिलेलं असावं.

ऑनलाईन फ्रॉडसाठी पण एक चिठ्ठी करा, हसू नका, पैसे गेले की तेवढंच डोकं बंद पडतं. फोन कट, १९३०, मग बँक, एवढंच. आणि व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या ड्रेसमध्ये कोणी "डिजिटल अटक" म्हणाला तर असा प्रकार कायद्यातच नाही, हे आईबाबांच्या फोनजवळ लिहून ठेवा.

आता त्या नाव सांगण्याच्या मुद्द्याचा उपयोग. आपल्याकडे काही झालं की दहा माणसं जमतात आणि दहाही जण "अरे कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" म्हणतात. कोणीतरी म्हणजे कोणीच नाही. म्हणून कागदावर नाव लिहा. आमच्याकडे १०८ ला फोन बायको करते, मी पेशंटजवळ, चिरंजीव वाचणार आणि शेजारचे काका गेटवर जाऊन उभे राहणार, ॲम्ब्युलन्सला गल्ली दाखवायला. काकांना विचारून लिहिलंय बरं का, त्यांनी तर अभिमानाने सोसायटीत सांगितलं. रस्त्यावर असाल तरी बोट दाखवून सांगा, "ओ निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा." फोनवर बोलायचं वाक्य पण लिहून ठेवा, पूर्ण पत्ता, जवळची खूण, मजला, लिफ्ट चालू आहे का. स्वतःच्या घराचा पत्ता विसरणारी माणसं मी बघितलीत, आणि हसू नका, पिनकोड मला पण आठवला नव्हता.

यादीवर सगळंच टाकायचं असंही नाही. काही गोष्टी पाठच हव्यात, कागद आणेपर्यंत थांबता येत नाही अशा. वैमानिक पण पहिली दोन-चार कामं पाठ ठेवतात आणि मग पुस्तक उघडतात. माझी पाठ यादी तीनच गोष्टींची आहे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद आणि झाकण, पाणी कधीच नाही. कोणाला शॉक लागलाय तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच. माणूस पडलाय, हाक मारून हलत नाही आणि श्वास नीट नाही, तर १०८ ला सांगून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत. हे शेवटचं वाचून येत नाही, एकदा ट्रेनिंग घ्या.

पुराची यादी मात्र वेगळ्या जातीची. आम्ही सांगलीचे, त्यामुळे यावर बोलायचा हक्क आहे. पूर सांगून येतो, तास-दोन तास नाही तर दिवसभर हातात असतो, आणि तरी माणसं अडकतात, का, तर ठरत नाही म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत सगळे एकच वाक्य म्हणत होते, "२००५ ला इथपर्यंत आलं नव्हतं, आता कशाला येतंय." कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. त्यामुळे आमच्या पुराच्या कागदावर "काय करायचं" च्या आधी "कधी" लिहिलंय. ४० ला गाड्या उंचावर आणि कागदपत्रांची पिशवी दाराशी, आईचं इन्सुलिन आणि बर्फाची पिशवी तयार. ४३ ला आई आणि पोरगा आत्याकडे मिरजेला. ४५ ला मेन स्विच बंद, रेग्युलेटर बंद, कुलूप, आपण पण बाहेर. तुमची गल्ली उंचावर असेल तर तुमचे आकडे वेगळे येतील, कोल्हापूरवाल्यांनी राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट धरून हिशोब करावा. पण आकडा मे महिन्यात ठरवायचा, ऑगस्टमध्ये नाही. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा आमच्याकडे वाद झाला नाही, ४३ झाले, आई रिक्षात बसली. कुरकुरली, पण बसली.

कागद झाला की लॅमिनेट करा, झेरॉक्सच्या दुकानात किरकोळ पैशात होतं, आणि किचनच्या कपाटाच्या दाराला आतून लावा, एक फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. नुसता फोनमध्ये ठेवू नका, तो नेमका चार्जिंगला दुसऱ्या खोलीत असतो. अक्षर एवढं मोठं की चष्म्याशिवाय वाचता यावं.

मग एका रविवारी चहा झाल्यावर खोटं खोटं करून बघा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा पोराला म्हटलं मेन स्विच बंद कर, तर तो पळत गेला आणि थांबला, स्विचसमोर गावाहून आलेली तांदळाची गोणी, तिच्यावर दिवाळीच्या माळांचं खोकं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या काढल्या तर एक्सपायरी होऊन पाच महिने झालेले. कागदावर सगळं बरोबर होतं आणि घरात सगळं चूक होतं. म्हणून आता दर नवरात्राच्या साफसफाईला कागद पण काढतो, नंबर लावून बघतो, पट्ट्यांची तारीख बघतो, कोणाचं औषध बदललंय का ते बघतो, आणि खोडून नवीन लिहितो.

घरचे विरोध करतील ते पण धरून चाला. आईने पहिल्या दिवशी कागद बघून "शुभ बोल रे नाऱ्या, असलं अभद्र काय भिंतीला लावतोस" म्हणून तो दोनदा काढून ठेवला होता. तिसऱ्यांदा लावला तेव्हा काढला नाही. पुढच्या आठवड्यात सहज कपाट उघडलं तर लो शुगरच्या कागदावर, लॅमिनेशनच्या वरून, स्केचपेनने तिच्या तिरक्या अक्षरात सगळ्यात खाली एक ओळ वाढलेली होती: दूध गॅसवर आहे का बघ.